बारा ऑक्टोबरचं सोनं

तारीख १२ ऑक्टोबर २०२४, शनिवार. जमा रक्कम दोन हजार एकशे साठ रियाल, नऊ कुटुंबांकडून प्रत्येकी दोनशे चाळीस. हजर: मोठी माणसं अठरा वजा एक, मुलं अकरा, शिवाय पाहुणे म्हणून आम्ही तिघं, मी, बायको आणि दहावीतली मुलगी. ठिकाण, अल-खोबरच्या बाहेर एका संध्याकाळपुरती भाड्यानं घेतलेली इस्तिराहा, म्हणजे उंच भिंतीच्या आत हिरवळीचा तुकडा, दोन खोल्या आणि मुलांना डुंबायला हौद.

हे वहीत लिहिलं होतं तसंच इथे उतरवलं आहे. त्यातला "वजा एक" मला नंतर खोडावा लागला. तो कसा खोडला गेला, तेवढंच सांगायचं आहे.

आमच्या इमारतीत आठ बिऱ्हाडं. मी एका बांधकाम कंपनीत खर्चाचे अंदाज काढतो, त्यामुळे इमारतीच्या पाण्याच्या टँकरचा आणि जिन्यातल्या दिव्यांचा हिशेब आपोआप माझ्याकडे आला. पहिल्या मजल्यावर एक स्पॅनिश जोडपं राहायचं. नवरा अभियंता, बायको शाळेत शिक्षिका, दोघंही साठीचे. तिला सगळी मुलं "तिया" म्हणायची. तिया म्हणजे मावशी किंवा आत्या, त्यांच्यात दोन्हीला एकच शब्द. मग आम्हीही तियाच म्हणू लागलो. दुसऱ्या मजल्यावर आम्ही. तिसऱ्यावर पेरू देशाचं एक कुटुंब. नवरा रास तनुराला रिफायनरीच्या कामावर, बायको घरी, चार वर्षांची एक मुलगी.

ते राहायला आले तेव्हा मी बायकोला सांगितलं, "वरती पेरूवाली आली आहे." ती हातातलं काम टाकून म्हणाली, "कितीला किलो देते?" तेव्हापासून आमच्या घरात तिचं नाव पेरूवाली.

तिला इंग्रजी जेमतेम, माझ्या बायकोला त्याहून थोडं जास्त. त्या दोघींची ओळख झाली ती पाणी गेलं त्या दिवशी. पेरूवाली जिन्यात उभी राहून हातवारे करत "बाल्दे, बाल्दे" म्हणत होती. बायकोनं आत जाऊन बादली आणून दिली, आणि मग दोघी एकमेकींकडे बघून हसत राहिल्या. पुढे त्यांनी स्वयंपाकघरात उभं राहून असे बरेच शब्द जुळवले. आमची मुलगी मला पप्पा म्हणते हे ऐकून पेरूवालीची मुलगी मात्र जमिनीवर लोळून हसली होती. त्यांच्यात पापा म्हणजे बटाटा.

बारा ऑक्टोबर हा स्पेनचा राष्ट्रीय सण, १४९२ साली त्या दिवशी कोलंबस अमेरिकेच्या किनाऱ्याला लागला म्हणून. समुद्रापलीकडे ज्या ज्या देशांत स्पॅनिश बोलतात, तिथेही बऱ्याच ठिकाणी तो दिवस पाळतात, पण नाव दर देशात वेगळं. खोबरमधली स्पॅनिश बोलणारी नऊ कुटुंबं, दोन स्पेनची, बाकी कोलंबिया, मेक्सिको, पेरू वगैरे, दर वर्षी त्या सुमारास एकत्र जेवत. अकरा वर्षं हे सगळं तियाच जमवून आणत होती. यंदाचं तिचं शेवटचं. नवरा निवृत्त झाला होता, इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपत आला होता, तीस ऑक्टोबरचं फायनल एक्झिटचं, म्हणजे कायमचं परत जायचं, तिकीट निघालं होतं. जाण्याआधी सगळी माणसं एका टेबलाशी बसलेली बघायची, एवढीच तिची इच्छा होती, आणि ती तिनं मला तीनदा बोलून दाखवली.

पैसे माझ्याकडे ठेवले, कारण मी त्यांच्यातला नव्हतो. "तुम्हाला आमची भांडणं समजत नाहीत," तिया म्हणाली, "हे फार सोयीचं आहे."

पण एक भांडण माझ्यासमोरच झालं. तीन आठवडे आधी तियाच्या घरी बैठक होती. विषय कापडी फलकावर काय छापायचं. तियाला स्पेनमधलं नाव हवं होतं. तिया काहीतरी बोलली, पेरूवाली काहीतरी बोलली, आवाज चढले. माझ्या शेजारी माझ्याच कंपनीतला कोलंबियाचा अभियंता बसला होता. त्यानं मला हळूच सांगितलं. तिया म्हणाली होती, त्या दिवशी तुम्हाला भाषा मिळाली, आज आपण नऊ घरं एकमेकांशी बोलतो ती त्या दिवसामुळे. पेरूवाली म्हणाली, माझ्या आजीला तिची स्वतःची भाषा होती, डोंगरातली. शाळेत ती बोलली म्हणून आजीनं मार खाल्ला. भाषा दिलीत ते छापा, पण नेलंत काय तेही खाली छापा. त्यावर तिया चिडून म्हणाली, "मी काही नेलेलं नाही. मी तर तुझ्या बाळाला अंघोळ घातली आहे."

ते खरं होतं. ती मुलगी इथे जन्मली तेव्हा नवऱ्याला सुट्टी नव्हती आणि तिया नऊ रात्री वर झोपायला गेली होती. पण ते तेव्हा बोलायला नको होतं. पेरूवाली उठली. नवरा आणि मुलगी येतील, भांडं भरून पाठवीन, मी येणार नाही, एवढं सांगून ती गेली. वर्गणी नवऱ्यानं दुसऱ्या दिवशी आणून दिली, आणि मी वहीत लिहिलं: मोठी माणसं अठरा वजा एक.

फलकाचं काम माझ्यावर आलं. नावावर एकमत होईना म्हणून मी सुचवलं की नुसती तारीख छापू, तारखेवर कुणाचं भांडण नाही. छापणारा पाकिस्तानी. त्यानं कागद उलटसुलट करून पाहिला.

"बस इतना ही? बारा अक्टूबर?"

"इतना ही."

"किसका बर्थडे है?"

मी म्हटलं, "बहुत लोगों का." त्यानं मान डोलावली आणि दोन्ही बाजूंना फुगे अन् मधे मेणबत्त्यांचा केक स्वतःच्या मनानं घालून दिला. शंभर रियाल. मी वाद घातला नाही.

आता दसऱ्याकडे येतो, कारण त्या वर्षी दसराही नेमका बारा ऑक्टोबरलाच होता.

कोपऱ्यावरचा बकाला, म्हणजे वाण्याचं दुकान, राजापूरच्या एका चाचांचं आहे. ते रजेवरून परतले तेव्हा त्यांच्या बॅगेत सुका जवळा, कोकमं आणि एक शंभर पानी वही होती. वही त्यांनी माझ्यापुढे ठेवली.

"घ्या, तुमचं सोनं. आमच्या परड्यातलं आहे. दर दोन पानांत एक ठेवलंय, मोजून घ्या, नाहीतर रात्रभर झोप यायची नाही तुम्हाला."

मी मोजली. आपट्याची पानं चाळीस, पैकी तीन मोडलेली. सदतीस चांगली. हिरवी नव्हती, पण आकार शाबूत होता.

दसऱ्याला सकाळी लॅपटॉप, कॅल्क्युलेटर आणि मुलीची कंपासपेटी पाटावर मांडून पूजा केली. मग बायको म्हणाली, "अहो, वरती सोनं देऊन येऊ. नऊ दिवस तिनं माझे उपास पाहिलेत, आज सोडते आहे हेही सांगते."

त्या उपासांचा एक किस्सा आहे. नवरात्रात पेरूवाली आमच्या स्वयंपाकघरात बसलेली असताना तिनं विचारलं, उपास तर मग हे काय शिजतंय. बायकोनं एकेक दाखवलं: साबुदाणा, बटाटा, रताळं, शेंगदाणे, हिरवी मिरची, राजगिरा, भगर. पेरूवाली एकेक बोट दुमडत गेली. बटाटा आमचा. रताळं आमचं. शेंगदाणा आमचा. मिरची आमची. साबुदाणा ज्या कंदाचा तो आमच्याच बाजूचा. राजगिरा आमच्या डोंगरातला. भगरीशी येऊन ती थांबली. सातपैकी सहा. मी नंतर फोनवर तपासून पाहिलं, बरोबर होतं.

"म्हणजे तुमच्या देवीला आमचंच जेवण चालतं," ती म्हणाली, आणि तिनं खिचडीचा डबा नेला तो जणू घरचाच होता.

तर आम्ही तिघं वर गेलो. लिफ्ट गुरुवारपासून बंद होती. पेरूवालीनं दार उघडलं, आत तिचा स्वयंपाक चालू होता, त्याच संध्याकाळचा. मी पान पुढे केलं आणि इंग्रजीतून समजावून सांगितलं. मला वाटतं मी बरंच स्पष्ट सांगितलं.

"आज आमचा मोठा दिवस. आजच्या दिवशी आमचे लोक सीमा ओलांडून दुसऱ्याच्या मुलखात जायचे, सोनं लुटायचे आणि घरी आणायचे. हे ते सोनं."

पेरूवाली पानाकडे बघत राहिली. हात पुढे आला नाही. मग तिनं अगदी शांतपणे विचारलं, "आणि ज्यांचं सोनं होतं, ते लोक आजच्या दिवशी काय करतात?"

माझ्या मागून मुलीचा आवाज आला. "पप्पा. ओ माय गॉड, पप्पा. तुम्ही पेरूच्या बाईला, आज, बारा ऑक्टोबरला सांगताय की आपण सोनं लुटतो?"

"अगं, पण लुटतोच ना. शब्दच तो आहे."

"हिस्ट्रीच्या बुकात आहे पप्पा! जहाजं भरून सोनं नेलं त्यांचं!"

पन्नास वर्षांत सोनं लुटणं हा शब्द मी किती वेळा उच्चारला असेन, त्यात लुटलेला माणूस कोण, हे एकदाही मनात आलं नव्हतं. कथेत ते सोनं कुठून आलं याबद्दलही मला तिथल्या तिथे खात्री देता येईना. मी एवढंच म्हणालो की हे खरं सोनं नाही, झाडाचं पान आहे, आणि ते कुणी घरात ठेवत नाही. प्रत्येकानं दारोदार जाऊन दुसऱ्याच्या हातात द्यायचं, सोन्यासारखे राहा म्हणायचं, भांडण असलं तर तेही तिथेच सोडायचं.

ती विचार करत होती. "म्हणजे," ती म्हणाली, "लुटणाऱ्यानं त्या दिवशी दारोदार फिरून परत करायचं?"

"अगदी परत असं नाही," मी म्हणालो. चुकीची माहिती माझ्याच्यानं देववत नाही. "त्याचं असं आहे की..."

बायकोनं कोपर मारलं. मराठीत म्हणाली, "अहो, हो म्हणा."

मी हो म्हणालो.

पेरूवालीनं पान घेतलं. हसली थोडी. "चांगला सण आहे," ती म्हणाली. मग विचारलं, "आधी कुणी कुणाकडे जायचं?"

"धाकट्यानं थोरल्याकडे," मी म्हणालो. हे बरोबर होतं, पण पुन्हा चुकलंच. तिचं हसू गेलं. "असं?" ती म्हणाली. "तुमच्या सणातही मीच खाली जायचं." दार मात्र तिनं हळूच लावलं, आपटलं नाही.

परतताना जिन्यात बायको म्हणाली, "दोन वाक्यं सांगायची होती तुम्हाला. दोन्ही नको तशी सांगितलीत."

मग आम्ही पहिल्या मजल्यावर तियाकडे गेलो. माझा धीर खचला होता, म्हणून बोलायचं काम मुलीला दिलं. तिनं फार छान सांगितलं, आणि वर जे झालं तेही सगळं सांगून टाकलं. माझी फजिती सांगताना तिला हसू आवरेना. तियाचा नवरा हसला. तिया हसली नाही. तिनं पान उलटं करून पाहिलं, चष्मा लावून पुन्हा पाहिलं. तियानं आयुष्यभर मुलांचे पेपर तपासले होते. समोरच्याला नेमकं काय म्हणायचं आहे ते तिला लवकर समजत असे.

"तिनं काय विचारलं? नेमकं?"

मुलीनं सांगितलं. ज्यांचं सोनं होतं ते लोक आज काय करतात.

"तुमच्याकडे आणखी पानं आहेत का?" तिया मला म्हणाली.

"एकतीस उरली आहेत," मी म्हणालो.

"मला एकच द्या."

संध्याकाळी सहाला सगळे इस्तिराहात जमले. दुसऱ्या कुणाच्या सणाला हिशेबनीस म्हणून जाणं मला आवडलं. करायचं काही नसतं आणि सगळं दिसतं. टेबलं जोडली होती, मागे फुगे आणि केकवाला फलक. मेक्सिकोच्या माणसानं तो वाचून "केक कुठे आहे?" विचारलं, केक होता, अडीचशे रियालचा. प्रत्येक घरानं एकेक पदार्थ आणला होता, आमचे साठ बटाटेवडे. पेरूवालीच्या नवऱ्यानं भलं मोठं भांडं आणून ठेवलं, पिवळ्या बटाट्याचे थर, मधे चिकन, वर अंडी. सगळ्यांनी वाहवा केली आणि बनवणारीबद्दल कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना माहीत होतं.

मग त्यांची नेहमीची मजा सुरू झाली. कुणीतरी कणीस उचलायचं आणि विचारायचं, हे काय? नऊ घरांतून चार शब्द आले. अव्होकाडोला दोन. बसला सात, त्यातला एक शब्द एका देशात सभ्य आणि दुसऱ्यात अगदी अश्लील निघाला, त्यावर बायका तोंडावर रुमाल धरून हसल्या. मला मालवणी आणि वऱ्हाडी माणूस एका पंगतीत बसवल्यासारखं वाटलं. भाषा एक, तरी प्रत्येकाला दुसऱ्याची गंमत वाटते. गिटार आल्यावर मात्र फरक उरला नाही. गाणं सुरू झालं की सगळ्यांना पाठ, मुलांनासुद्धा. मला शब्द समजत नव्हते. मधेच एखादा ओळखीचा कानावर यायचा, साखरेला आसुकार, तेलाला आसेइते, आणि वाटायचं, हे तर अरबी दुकानात ऐकलंय.

तिया टेबलाच्या टोकाशी बसली होती. तिच्या उजव्या हाताची खुर्ची रिकामी होती. कुणी तिथे बसायला आलं की ती पर्स ठेवायची. आठ वाजायच्या सुमारास ती उठून माझ्याकडे आली. "नवरा कणसं भाजत निखाऱ्यापाशी अडकला आहे. मला घरी सोडता का? काही राहिलं आहे."

पंधरा मिनिटांत पोचलो. ती पहिल्या मजल्यावर थांबेल असं मला वाटलं. ती थांबली नाही. तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, वर्षभरात ती पहिल्या मजल्याच्या वर जिन्यानं गेलेली नव्हती. मी मागे दोन पायऱ्या सोडून चालत होतो, पडली तर धरता यावी म्हणून. तळापासून तिसऱ्यापर्यंत चोपन्न पायऱ्या आहेत. ती चार वेळा थांबली.

पेरूवालीनं दार उघडलं. तियानं खिशातून पान काढलं आणि दम लागलेल्या आवाजात काहीतरी म्हणाली. मी खालच्या वळणावरच उभा राहिलो. मला एकच शब्द कळला, ओरो, सोनं. मग पेरूवाली इतक्या मोठ्यानं हसली की शेजारच्या दारातून लेबनॉनच्या बाईनं डोकावून पाहिलं. मग दोघी रडू लागल्या, आणि मी आणखी खाली येऊन आमच्या दारापाशी उभा राहिलो.

बावीस मिनिटांनी दोघी खाली आल्या. पेरूवालीनं पदर घेतात तसं एक रंगीत लोकरीचं कांबळं खांद्यावर घेतलं होतं. तिच्या बैठकीच्या भिंतीवर टांगलेलं असायचं ते, तिच्या आजीनं विणलेलं. गाडीत दोघी मागे बसल्या आणि पूर्ण रस्ताभर एकदम बोलत होत्या.

तिया दारात काय म्हणाली ते पेरूवालीनं दुसऱ्या दिवशी बायकोला सांगितलं. "म्हणाली, तुझे खालचे शेजारी सांगतात, आज लुटलेलं परत करायचा दिवस आहे. मी एवढंच पान आणलंय. बाकीचं माद्रिदच्या संग्रहालयात आहे, ते माझ्याच्यानं उचलवणार नाही."

माझ्या मनात आलं की हे दुरुस्त केलं पाहिजे. दसऱ्याचा अर्थ तो नाही, मी दडपणाखाली हो म्हणालो होतो. मी बायकोला तसं बोललो. ती म्हणाली, "तुम्ही गप्प बसा." अजूनपर्यंत मी दुरुस्ती केलेली नाही.

त्या संध्याकाळी इस्तिराहात परतलो तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, की काही विचारलं नाही. तियानं खुर्चीवरची पर्स उचलली, पेरूवाली तिथे बसली, तिनं फलकाकडे पाहिलं आणि म्हणाली, "वाढदिवस कुणाचा आहे?" मी वही काढून "वजा एक" खोडलं.

हिशेब सोपा होता. इस्तिराहाचं भाडं नऊशे, अनामत तीनशे, मटण-भाताची परात चारशे ऐंशी, केक अडीचशे, फलक शंभर, पाणी, बर्फ आणि कागदी ताटल्या एकशे तीस. बरोबर दोन हजार एकशे साठ. रखवालदारानं अनामत परत केली ती एका मोडलेल्या खुर्चीचे पन्नास कापून. अडीचशे रियाल राहिले आणि ते मला डाचू लागले, कारण अडीचशेला नवानं भाग जात नाही. प्रत्येकी सत्तावीस रियाल सत्त्याहत्तर हलाला, हलाला म्हणजे इथले पैसे, आणि सात हलाला कुणाचेच नाहीत.

तीस तारखेला तियाला आणि तिच्या नवऱ्याला सोडायला दम्मामच्या विमानतळावर मी आणि पेरूवाली गेलो. चारही बॅगा तोलून तेवीस-तेवीस किलोच्या केलेल्या होत्या, मीच काट्यावर ठेवून पाहिल्या होत्या. काउंटरपाशी पोचल्यावर पेरूवालीनं आणखी एक बॅग पुढे केली. तियानं चेन उघडली. वर ते कांबळं होतं, खाली वाळवलेल्या मिरच्या आणि कणसाचं पीठ.

"नाही," तिया म्हणाली. "हे तुझ्या आजीचं आहे."

"तुझ्याकडचं पान माझ्याकडे आहे," पेरूवाली म्हणाली. "शिवाय माद्रिदला आमचं एवढं सामान आहे, त्यात हेही राहू दे. तू सांभाळ."

काउंटरवरच्या मुलीनं जादा बॅगेचे अडीचशे रियाल सांगितले. मी रांगेत उभा राहूनच उरलेल्या आठ घरांना फोनवर संदेश टाकला, शिल्लक पैसे यात घालू का. पाच मिनिटांत आठही होकार आले. अडीचशे रियाल विमान कंपनीला दिले, पावती वहीत चिकटवली.